विश्लेषण : न्यूयॉर्कच्या शाळांत ‘इयत्ता नसलेला वर्ग’ कसा उभा राहिला? कोण होत्या एलिझाबेथ फॅरेल?

वर्गात मागे पडणारे, चार-चार वर्षे एकाच इयत्तेत बसणारे, शेवटी शाळेलाच कंटाळून रस्त्यावर दिसणारे मूल. अशा मुलांसाठी शाळेने काही वेगळे करायला हवे, हे आज सहज मान्य होते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते मान्य नव्हते. शाळा ठरलेल्या पद्धतीने चालेल, ज्याला जमेल तो टिकेल, असाच रिवाज होता. न्यूयॉर्कमधील एका शिक्षिकेने १८९९ मध्ये या रिवाजाबाहेरचा एक वर्ग सुरू केला. पुढे त्याच संपूर्ण शहराच्या विशेष वर्गांच्या प्रमुख झाल्या आणि २६ वर्षे त्यांनी ते काम सांभाळले. एलिझाबेथ फॅरेल हे त्यांचे नाव. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ते आदराने घेतले जाते, मात्र त्या क्षेत्राबाहेर फारसे ऐकू येत नाही. विशेष वर्गात कोणाला बसवायचे आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नावर त्यांनी दिलेली लढाई आजही तितकीच लागू आहे.

न्यूयॉर्कच्या शाळांची तेव्हा काय अवस्था होती?

अमेरिकेत शाळांचा कारभार केंद्र सरकारकडे नसतो. तो स्थानिक शिक्षण मंडळाकडे असतो आणि त्या मंडळाच्या हद्दीला शालेय जिल्हा म्हणतात. १८९८ मध्ये मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स आणि स्टेटन आयलंड हे भाग एकत्र करून आजचे न्यूयॉर्क शहर झाले. शाळाही एका छत्राखाली आल्या. विल्यम मॅक्सवेल हे या अवाढव्य जिल्ह्याचे पहिले शहर अधीक्षक. १९१८ पर्यंत ते त्या पदावर होते.

शहरात युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. इटलीतून, रशियातून, पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांतून आलेली कुटुंबे मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळच्या लोअर ईस्ट साइड भागात चाळवजा इमारतींमध्ये दाटीवाटीने राहत. मुलांना इंग्रजी येत नसे. शाळा सक्तीची करणारा कायदा आला होता, पण बसायला जागा नव्हती. एकेका वर्गात पन्नासहून जास्त मुले कोंबलेली असत. काही ठिकाणी दोन पाळ्या लावून अर्धा दिवस एक मुले, अर्धा दिवस दुसरी मुले, असे चाले.

त्यात सगळी रचना इयत्तांची. वर्षाचा ठरलेला अभ्यास झाला की वरच्या वर्गात, नाही झाला की तिथेच. मॅक्सवेल यांच्या १९०४ च्या अहवालात शहरातील प्राथमिक शाळांमधील ३९ टक्के मुले आपल्या इयत्तेच्या मानाने वयाने मोठी असल्याची नोंद होती. म्हणजे दर पाचांतील जवळपास दोन. इतकी मुले मागे पडत असतील, तर दोष मुलांतच असेल का, ही शंका त्या आकड्यानंतर बऱ्याच लोकांच्या मनात आली. फॅरेल यांना ती पाच वर्षे आधी आली होती.

फॅरेल तिथे कशा पोहोचल्या?

फॅरेल यांचा जन्म १८७० चा, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील युटिका या गावचा. १८९५ मध्ये ओस्वेगो येथील शिक्षक प्रशिक्षण विद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. हे विद्यालय त्या काळी नावाजलेले होते. मुलाला आधी वस्तू दाखवा, हाताळू द्या, मग शब्द आणि नियम शिकवा, ही स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सी यांची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात ओस्वेगोचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर त्यांनी वनायडा कॅसल या गावातील एकखोली शाळेत शिकवले. एक शिक्षिका, एक खोली आणि सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सगळे एकत्र. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळांसारखाच हा प्रकार. तिथे इयत्तेला फारसा अर्थ नसतो. प्रत्येक मूल जिथे असेल तिथून पुढे न्यायचे, एवढेच शिक्षिकेच्या हाती असते. शहरातील अधिकाऱ्यांना जी गोष्ट नवीन कल्पना वाटणार होती, ती फॅरेल खेड्यात रोजच करत होत्या.

१८९९ मध्ये त्या मॅनहॅटनमधील हेन्री स्ट्रीटवरच्या सार्वजनिक शाळा क्रमांक १ मध्ये रुजू झाल्या.

पहिला वर्ग कसा होता?

हा वर्ग कोणत्या सिद्धांतातून निघालेला नव्हता, हे फॅरेल यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. भागात शाळा बुडवणे आणि मारामाऱ्या इतक्या वाढल्या होत्या की काहीतरी करणे भाग होते. शाळेच्या वेगवेगळ्या इयत्तांतून जी मुले कुणालाच नको होती, ती एका खोलीत आणली गेली. सगळे मुलगेच. वय आठ ते सोळा. त्यांत काही वयाने मोठी होती, काही खोडकर म्हणून बदनाम होती, काही खरोखर मंदगतीने शिकणारी होती.

अशा मुलांना पाढे आणि स्पेलिंग पुन्हा पुन्हा घोकायला लावणे हा नेहमीचा उपाय. फॅरेल यांनी पुस्तके बाजूला ठेवली. पत्र्याचे डबे, लाकडाचे तुकडे, हत्यारे, रंग, चित्रे यांनी वर्ग भरला. मुले काहीतरी बनवू लागली. बनवायचे तर मोजावे लागते, मोजायचे तर आकडे लिहावे लागतात आणि कुणाला सांगायचे तर शब्द लागतात. अभ्यास असा मागच्या दाराने आत आला.

मुलांच्या आवडीनिवडी अनेक होत्या, शाळेकडे मात्र त्यांना देण्यासारखे काही नव्हते, असे फॅरेल यांचे निदान होते. त्या काळात अशा मुलांविषयी जे काही लिहिले जात होते, ते पाहता हे वाक्य धाडसाचे आहे. त्यात कमतरता शाळेच्या बाजूला टाकलेली आहे.

एक खुलासा इथे करायला हवा. मागे पडणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेतील सार्वजनिक शाळेतला हा अगदी पहिला वर्ग नव्हे. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात १८९६ मध्ये असा वर्ग निघाला होता. जर्मनीत आणि लंडनमध्ये त्याआधीच स्वतंत्र शाळा होत्या. फॅरेल यांचे वेगळेपण पहिलेपणात नाही. एका वर्गातून संपूर्ण शहराची व्यवस्था उभी करणे आणि ती चालवून दाखवणे, हे त्यांचे काम.

शाळेबाहेरचे कोण मदतीला आले?

त्याच रस्त्यावर लिलियन वॉल्ड यांचे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट होते. वॉल्ड या परिचारिका. गरीब वस्तीतच राहून घरोघरी आजाऱ्यांची सेवा करायची, हे त्यांनी १८९३ पासून सुरू केलेले काम. फॅरेल या सेटलमेंटमध्ये राहायला गेल्या. वर्गासाठी साहित्य लागले ते सेटलमेंटने पुरवले, शिक्षण मंडळातील सदस्यांच्या कानावर हा प्रयोग घातला तोही वॉल्ड यांनीच. १९१५ मध्ये आलेल्या आपल्या आत्मकथनात वॉल्ड यांनी फॅरेल यांच्या वर्गाची हकिगत आवर्जून दिली आहे.

या शेजाराचा फायदा साहित्यापुरता नव्हता. फळ्यावरचे न दिसणारा मुलगा ‘मठ्ठ’ ठरतो, कान फुटलेली मुलगी ‘लक्ष देत नाही’ असे म्हटले जाते. परिचारिकांना ही मुले घरात दिसत, त्यामुळे शाळेत न कळणाऱ्या गोष्टी त्यांना कळत. ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉल्ड यांनीच लिना रॉजर्स या परिचारिकेला शहराच्या शाळांमध्ये प्रयोग म्हणून पाठवले. खरूज, डोळे येणे, उवा अशा कारणांनी मुलांना शाळेतून घरी पाठवले जाई. परिचारिका आल्यानंतर वर्षभरात अशा मुलांची महिन्याची संख्या दहा हजारांवरून अकराशेच्या आसपास आली. औषध लावून मूल वर्गात परत पाठवायचे, एवढाच बदल होता.

घराचा विश्वास नसेल तर काय होते, याचाही नमुना याच भागाने पाहिला. जून १९०६ मध्ये काही शाळांत मुलांच्या घशातील ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या आणि डॉक्टर मुलांचे गळे कापत आहेत अशी अफवा लोअर ईस्ट साइडमध्ये पसरली. हजारो आया शाळांवर धावून गेल्या, काचा फुटल्या, पोलीस आले. चांगल्या हेतूने केलेले काम घरच्यांना नीट न सांगितल्याने शहराला ते दिवस पाहावे लागले. फॅरेल यांच्या हाती संपूर्ण शहराची जबाबदारी आली ती नेमकी याच वर्षी.

एका वर्गाची शहरभर व्यवस्था कशी झाली?

मधल्या काळात फॅरेल यांनी इंग्लंडमधील विशेष शाळा जाऊन पाहिल्या. तिथे १८९९ च्या कायद्यानंतर अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा निघत होत्या. फॅरेल यांना त्यातील शिस्त आणि शिक्षकांची तयारी आवडली, पण न्यूयॉर्कसाठी त्यांनी निराळा मार्ग निवडला. वर्ग वेगळा असावा, शाळा वेगळी नसावी. मूल आपल्या भावंडांबरोबर, आपल्याच वस्तीतल्या शाळेत जाईल आणि त्याच इमारतीतील एका खोलीत त्याला हवे तसे शिकेल. जमू लागले तर नेहमीच्या वर्गात परत जाईल.

१९०६ मध्ये मॅक्सवेल यांच्या कारकिर्दीत त्यांची ‘अनग्रेडेड’ वर्गांच्या निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. अनग्रेडेड म्हणजे इयत्ता नसलेला. मंदबुद्धी, मागासलेले असली विशेषणे वर्गाच्या पाटीवर नकोत, हा या नावाचा फायदा. अर्थात मुलांना असली नावे फार काळ फसवत नाहीत. शाळेतली इतर पोरे त्या खोलीला काय म्हणायचे ते म्हणतच.

पद मोठे होते, हातात माणसे थोडी होती. स्त्रियांना शिक्षकी पेशात पुरुषांच्या बरोबरीचा पगार मिळावा हा कायदाच न्यूयॉर्कमध्ये १९११ साली झाला, यावरून तेव्हाचे वातावरण लक्षात यावे. शहरात जिल्हा अधीक्षकपदी पोहोचलेली पहिली महिला ज्युलिया रिचमन, त्यांची नेमणूक १९०३ ची. फॅरेल यांना निरनिराळ्या भागांतील शेकडो मुख्याध्यापकांकडून काम करून घ्यायचे होते आणि त्यांतील बहुतेकांना आपल्या शाळेत ही भानगड नको होती.

मुख्याध्यापकांची अडचण खोटी नव्हती. पन्नास मुले बसतील अशी खोली १५ मुलांसाठी अडवायची म्हणजे बाकीच्यांची आणखी कोंडी. फॅरेल मात्र १५ च्या आसपासच्या मर्यादेवर ठाम होत्या. वर्गात गर्दी झाली की तो वर्ग शिकवण्याचा राहत नाही, कोंडवाडा होतो, हा त्यांचा अनुभव. दुसरा त्रास उलट प्रकारचा. काही शाळांना हे वर्ग फार सोयीचे वाटू लागले. उर्मट मुलगा, इंग्रजी न येणारी नवी मुलगी, शिक्षकाशी पटत नसलेला कुणी, सगळ्यांची रवानगी अनग्रेडेड वर्गात करायची.

यावर उपाय म्हणून मुलाला वर्गात घेण्याची एक रीत ठरत गेली. शाळेने फक्त नाव सुचवायचे. मग डॉक्टरांकडून डोळे, कान, घसा, सर्वसाधारण प्रकृती यांची तपासणी. निरीक्षक किंवा त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाला भेटायचे, त्याचा शाळेतील इतिहास पाहायचा. पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणाऱ्या ‘भेट शिक्षिका’ यांचीही भर पडली आणि विभागाचे स्वतःचे तपासणी केंद्र झाले. आज एखाद्या मुलासाठी डॉक्टर, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि पालक एकत्र बसून काय करायचे ते ठरवतात. त्या टेबलाचा हा जुना आराखडा म्हणता येईल.

नुसते इंग्रजी येत नाही म्हणून मागे असलेल्या मुलांची सोय मॅक्सवेल यांनी निराळी केली होती. परदेशातून नव्याने आलेल्यांसाठी ‘सी’ वर्ग, १४ वर्षे पूर्ण होताच कामाचा दाखला घेऊन शाळा सोडणाऱ्यांसाठी ‘डी’ वर्ग, वयाने मोठ्या पण झपाट्याने पुढे जाऊ शकणाऱ्यांसाठी ‘ई’ वर्ग. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. एखादे मूल कोणत्या रांगेतले, हे प्रत्यक्षात सांगणे तितके सोपे नव्हते. यिडिश बोलणारा आठ वर्षांचा मुलगा इंग्रजी प्रश्नाला गप्प राहिला, तर त्याला प्रश्न कळला नाही की उत्तर येत नाही?

गोडार्ड यांच्याशी वाद कशावरून झाला?

फॅरेल यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा संघर्ष हाच.

पॅरिसच्या शाळांमध्ये मदतीची गरज असलेली मुले शोधण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये एक चाचणी तयार केली. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेचे मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी ती १९०८ मध्ये अमेरिकेत आणली. बिने यांच्या दृष्टीने ती कामचलाऊ मोजपट्टी होती. आज मागे असलेले मूल नीट शिकवले तर पुढे जाऊ शकते, अशी त्यांची धारणा होती. गोडार्ड यांच्या हातात गेल्यावर तिचे स्वरूप बदलले. बुद्धी जन्मजात असते, रक्तातून येते आणि बदलत नाही, असे ते मानत. मंदबुद्धी माणसे समाजाला धोका आहेत, त्यांना वेगळ्या वसाहतींत ठेवावे, त्यांना मुले होऊ देऊ नयेत, या मताचा त्यांनी जोरदार प्रचार केला. न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंडवर नव्याने उतरणाऱ्या स्थलांतरितांवरही त्यांच्या चाचण्या झाल्या. लोअर ईस्ट साइडच्या शाळांतील मुलांचे आईबाप याच बेटावरून शहरात आले होते.

१९११-१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांची मोठी चौकशी झाली. हार्वर्डचे प्राध्यापक पॉल हॅनस तिचे प्रमुख होते. अनग्रेडेड वर्गांचा भाग गोडार्ड यांच्याकडे सोपवला गेला. तोवर असे शंभराहून अधिक वर्ग शहरात चालू होते. गोडार्ड यांनी वर्ग पाहिले, मोजक्या शाळांतील काही मुलांना चाचण्या दिल्या आणि निष्कर्ष काढला की शहरातील दोन टक्के विद्यार्थी मंदबुद्धी आहेत. तेव्हा विद्यार्थीसंख्या साडेसात लाखांच्या घरात होती. म्हणजे १५ हजार मुले.

हा आकडा वर्तमानपत्रांना आवडणारा होता. फॅरेल यांच्यापुढे मात्र तो पेच होता. त्या वर्षानुवर्षे जास्त वर्ग, जास्त शिक्षक, जास्त माणसे मागत होत्या. एका नामवंत शास्त्रज्ञाने लिहून दिले होते की गरज सध्याच्या कितीतरी पट आहे. १५ मुलांचा एक वर्ग धरला तरी हजार वर्ग होतात. विभागाचा पसारा वाढवू पाहणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने हा अहवाल डोक्यावर घेतला असता.

फॅरेल यांनी तो खोडून काढला. १९१४ मध्ये त्यांनी या अहवालाची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. थोड्या मुलांच्या तपासणीवरून संपूर्ण शहराचा आकडा काढणे चूक आहे, एकट्या चाचणीवरून मूल मंदबुद्धी ठरवता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मुलाची प्रकृती, घर, भाषा, शाळेतील वर्षे हे सगळे पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये. गोडार्ड यांच्या काही सूचना, जसे की शिक्षकांना चांगले प्रशिक्षण द्यावे, देखरेखीला अधिक माणसे नेमावीत, या तर फॅरेल यांच्याच मागण्या होत्या. त्यांचा विरोध होता तो मोजण्याच्या घाईला.

फॅरेल चाचण्यांच्या विरोधात होत्या असे मात्र नाही. त्यांच्या विभागात बिने चाचणी वापरली जात होती. डॉक्टरच्या हातातील तापमापकाइतके तिचे स्थान असावे, एवढेच. ताप किती ते कळते, कशाने आला ते इतर तपासण्यांवरून शोधावे लागते.

गोडार्ड यांनी स्वतः १९२८ मध्ये आपली मते बरीचशी मागे घेतली. सौम्य मतिमंदत्व असलेल्यांना शिकवता येते, त्यांना सर्रास वसाहतींत डांबण्याची गरज नाही, हे त्यांनी मान्य केले. तोवर त्यांच्या जुन्या मतांवर आधारलेले कायदे अनेक राज्यांत झाले होते आणि त्याखाली हजारोंवर नसबंदीच्या शस्त्रक्रियाही झाल्या होत्या.

बिने चाचणीचा प्रवास इकडेही झाला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले, त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही मुलांच्या बुद्धिमापनासाठी वापरली जाते. आपल्या मुलाचा बुद्ध्यंक लिहिलेला कागद हातात आलेल्या अनेक मराठी पालकांनी हे नाव वाचलेले असेल.

शिक्षक कुठून आणायचे?

वर्ग वाढवणे हा खोलीचा आणि पैशांचा प्रश्न, पण शिक्षक मिळणे त्याहून कठीण. फॅरेल यांनी साध्या शिक्षकांमधून आवड असलेल्यांना निवडून तयार करण्यावर भर दिला. प्रशिक्षण विद्यालयांत खास अभ्यासक्रम सुरू व्हावेत यासाठी त्या झटल्या आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये त्यांनी स्वतः शिकवले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील शिक्षक आणि पर्यवेक्षक उन्हाळी सत्रांत तिथे येत. १९१५ पासून शहरातील अनग्रेडेड वर्गांच्या शिक्षकांचे ‘अनग्रेडेड’ याच नावाचे मासिक निघू लागले. त्याच्या उभारणीत फॅरेल यांचा हात होता. एका खोलीत एकटी पडलेली शिक्षिका दुसऱ्या शाळेतील शिक्षिका काय करते हे त्यातून वाचू शके. आज अशा कामासाठी व्हॉट्सॲप गट असतो.

१९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. मानसिक वाढीत तीन किंवा अधिक वर्षे मागे असलेली दहा मुले ज्या हद्दीत असतील, तिथल्या शिक्षण मंडळाने विशेष वर्ग काढायचा आणि एका वर्गात १५ हून जास्त मुले ठेवायची नाहीत. शहरात भांडून टिकवलेली मर्यादा आता राज्याच्या कायद्यात आली.

१९२२ मध्ये काय घडले?

त्या वर्षीच्या उन्हाळी सत्रात टीचर्स कॉलेजमध्ये जमलेल्या बारा जणांनी एक संघटना स्थापन केली. बहुतेक जण आपापल्या शहरात विशेष वर्गांची देखरेख करणारे. फॅरेल पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि १९२६ पर्यंत त्या पदावर राहिल्या. आज कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन या नावाने ओळखली जाणारी ही संघटना विशेष शिक्षणातील प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांपैकी आहे.

संस्थापकांनी तीन उद्दिष्टे ठरवली. या मुलांच्या शिक्षणात रस असलेल्यांना एकत्र आणणे, शिक्षकांसाठी व्यावसायिक दर्जा ठरवणे ही त्यांतील दोन. तिसरे लक्षात घेण्यासारखे आहे. मुलाला ओळखणे आणि त्याचे वर्गीकरण करणे यापेक्षा त्याला शिकवणे यावर भर द्यावा, असे ते होते. गोडार्ड यांच्या अहवालाला दहा वर्षे झाली होती. बुद्ध्यंकाचे वेड देशभर पसरले होते. महायुद्धात लाखो सैनिकांच्या चाचण्या घेतल्या गेल्या होत्या आणि शाळाही मुलांना आकड्यांनुसार विभागू लागल्या होत्या. त्या गदारोळात बारा जणांनी हे लिहून ठेवले.

संघटनेच्या नावातील एक्सेप्शनल म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे. त्यात अंध, कर्णबधिर, अपंग, बोलण्यात अडचण असलेली आणि विलक्षण हुशार मुलेही येत होती.

या व्यवस्थेत काय चुकले?

फॅरेल यांचे १९३२ मध्ये निधन झाले. शेवटपर्यंत त्या पदावरच होत्या. त्यांच्या कामाचे कौतुक करताना त्यातील उणिवा झाकण्याचे कारण नाही.

त्यांच्या अहवालांत आणि लेखांत मुलांसाठी आलेले शब्द आज अपमानास्पद वाटतात. ते त्या काळाचे शब्द होते, फॅरेल यांनीही ते वापरले. फार गंभीर मर्यादा असलेल्या मुलांना त्यांच्या वर्गांतही जागा नव्हती. ती मुले घरी राहत किंवा सरकारी संस्थांत जात. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक या अशाच संस्थेतील भयाण स्थिती १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर दिसली, तेव्हा देश हादरला.

दुसरी उणीव अधिक गुंतागुंतीची. वर्ग वेगळा, शाळा एकच, हा फॅरेल यांचा तोडगा. मूल परत नेहमीच्या वर्गात जाईल, ही त्यातील अट. प्रत्यक्षात अनेकांसाठी वाट एकेरी ठरली. एकदा त्या खोलीत गेले की बाहेर पडणे अवघड. फॅरेल असेपर्यंत त्यांचा धाक होता, नंतर तो राहिला नाही. पुढच्या दशकांत अशा वर्गांत आणि वेगळ्या विशेष शाळांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या खटकण्याइतकी वाढली. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाविरुद्ध यावर १९७५ मध्ये ‘लोरा’ नावाने ओळखला जाणारा खटला दाखल झाला. वर्तणुकीच्या तक्रारीवरून मुलांना वेगळ्या शाळांत टाकताना वंशभेद होतो, असा त्यातील आरोप. कुणालाही नको असलेल्या मुलांना एका खोलीत पाठवायचे, ही १९०६ मधील मुख्याध्यापकांची सवय सत्तर वर्षांनीही सुटलेली नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. प्रत्येक अपंग मुलाला मोफत सार्वजनिक शिक्षण, प्रत्येकासाठी स्वतंत्र लेखी आराखडा, एकाच चाचणीवरून निर्णय घेण्यास मनाई, चाचणी मुलाच्या भाषेत घेण्याची सक्ती आणि शक्य तितके इतर मुलांसोबत शिक्षण, या त्यातील तरतुदी. मूल कुठे शिकेल यावर पालकांना आक्षेप घेता येईल आणि दाद मागता येईल, हेही त्यात आले. कायदा होऊनही न्यूयॉर्कमध्ये हजारो मुले तपासणी आणि वर्ग यांची वाट पाहत राहिली. त्यावर १९७९ मध्ये आणखी एक मोठा खटला दाखल झाला आणि शहराची विशेष शिक्षण व्यवस्था दीर्घकाळ न्यायालयाच्या नजरेखाली राहिली.